पायांचे बळ आणि आकड्याचा भरवसा



मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावरून होडीत उतरायचे तर मांडीत बळ हवे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे हेच बळ हळूहळू ओसरते. आठवड्यातून २-३ वेळा, सुमारे ४ तास तो डायलिसिसवर असतो. तपासणीसाठी वेगळे येणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून डायलिसिस चालू असतानाच पायांची शक्ती मोजणे सोयीचे ठरते.

परंतु सोय म्हणजे अचूकता नव्हे. शरीरातील पाणी निघत जाते तसा रक्तदाब उतरू शकतो, पायांत गोळे येतात, थकवा वाढतो. पहिल्या तासातील आकडा शेवटच्या तासातील आकड्याशी ताडला, तर व्यायामाचा लाभ कळणारच नाही. यास्तव वेळ तीच, बैठक तीच, नडगीवर शक्तिमापक टेकवण्याची जागा तीच, मोजणारा शक्यतो तोच, आणि प्रत्येक वेळी ३ प्रयत्न, हा दंडक आवश्यक आहे. मोजणाऱ्याचा हातच कमी पडत असेल, तर यंत्र पट्ट्याने बांधावे.

"सुधारणा आहे" असे आप्तांना सांगण्यापूर्वी तो मोजणीतील फरक नाही, याची खात्री करणे आम्ही कर्तव्य मानतो. आपल्या देणगीच्या हिशेबाइतकाच हा हिशेबही चोख असावा, हीच आमची भावना.