लावते, खात नाही

आज पदवी घेणाऱ्या तरुण दंतवैद्यांनो,

मी नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट सांगते. हिवाळ्यात एका साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांसाठी दंततपासणी शिबिर होतं. पाचटाच्या कोप्यांची लांब रांग, एक लाकडी खुर्ची, एक विजेरी, पातेल्यात उकळून ठेवलेले आरसे आणि माझ्यापुढं छापील तक्त्यांचा गठ्ठा. तक्त्यात एक प्रश्न होता, 'तंबाखूचं व्यसन आहे का?' त्यापुढं दोन चौकोन, होय आणि नाही. दुपारपर्यंत मी पन्नासेक बायकांना तो प्रश्न विचारला. जवळजवळ सगळ्या 'नाही' म्हणाल्या आणि मी खुणा करत गेले. मनातून मला बरंही वाटत होतं.

तोंडं मात्र वेगळंच सांगत होती. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगतच्या खाचेत, सुरकुतलेले पांढरट चट्टे. हिरड्या खाली सरकलेल्या, उघड्या पडलेल्या मुळांवर काळपट थर. शेवटी माझ्याबरोबरच्या नर्सबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मिशेरी लावता का, असं विचारून बघा." पुढच्या बाईंना मी तसं विचारलं. बीडकडच्या होत्या, वय पस्तिशीचं. "लावती की," त्या म्हणाल्या. "उठल्यावर, दुपारी, निजताना. पन तंबाखू न्हाई खात बाई मी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्या भाषेत तंबाखू खातात, विडी ओढतात आणि मिशेरी लावतात. व्यसन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं नवऱ्याची दारू येत होती. दात घासण्याला व्यसन कोण म्हणेल? माझा प्रश्न चुकीच्या क्रियापदात विचारलेला होता आणि त्यामुळं त्या दिवशीची माझी सगळी माहिती खोटी ठरली होती. ते तक्ते मी अजून जपून ठेवले आहेत. पुढची तीसेक वर्षं मी जे काम केलं, त्याची सुरुवात त्या गठ्ठ्यापासून झाली.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मिशेरी ठाऊक असेल. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. सुरुवात होते ती दात साफ करायला म्हणून, किंवा दाढ ठणकते म्हणून. मग दिवसातून एकदाची तीनदा होते, कधी पाचदा होते. दोष त्या बायांच्या अज्ञानाचा आहे असं मला वाटायचं. आज वाटत नाही. पहाटे अंधारात उठायचं, भाकरी थापायच्या, पोराला बरोबर घेऊन फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. त्या दिवसात पाच मिनिटं आपली म्हणून बसायला मिळतात ती मिशेरीच्या निमित्तानं. जवळपास प्रत्येकीनं मला आणखी एक कारण सांगितलं : "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई." जिथं आडोसा नाही आणि उजाडायच्या आत सगळं उरकावं लागतं, तिथं हे कारण किती मोठं आहे, हे कळायला मला दोन हंगाम लागले. तुमच्या पाठ्यपुस्तकात या सवयीपुढं निकोटीनचं रसायन दिलेलं आहे. ते खरंच आहे. पण त्या रसायनाला घट्ट धरून ठेवणारं बाईचं अख्खं वेळापत्रक पुस्तकात नाही.

हे मला एकटीला सुचलेलं शहाणपण नाही. माझ्या आधी काही माणसं हाच प्रश्न घेऊन गावोगाव फिरली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथं अणुविज्ञान आणि गणित यांचा अभ्यास चालतो तिथं, दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता, डॉ. दफ्तरी आणि कोपनहेगनचे डॉ. जेन्स पिंडबोर्ग यांनी १९६०च्या दशकात घरोघरी जाऊन तोंडं तपासायला सुरुवात केली. केरळमध्ये एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम, गुजरातेत भावनगर, तेव्हाच्या बिहारमध्ये दरभंगा आणि सिंगभूम. महाराष्ट्रात त्यांनी १,०१,७६१ ग्रामस्थ तपासले. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा पाठ करा असं मी सांगणार नाही, पण तो मनात फोडून बघा. एक लाख वेळा कुणीतरी उंबऱ्याशी थांबलं, नमस्कार केला, तोंड उघडा म्हणालं आणि ओठ बाजूला करून आत बघितलं.

या अभ्यासांतली एक गोष्ट मला आजही थक्क करते. श्रीकाकुलमकडं बायका चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची चिरूट, उलटा ओढतात, जळतं टोक तोंडात धरून. तिथल्या पांढऱ्या, लालसर जखमा टाळूवर सापडल्या. जिथं खैनी ओठाच्या खाचेत धरतात तिथं त्या खाचेत सापडल्या, आणि जिथं विडा गालात धरतात तिथं गालाच्या आत. सवय जिथं टेकते तिथं तिची खूण उमटते. म्हणूनच गावाच्या बोलीतलं सवयीचं नाव आणि क्रियापद माहीत असणं हा निदानाचा भाग आहे. आपल्याकडं सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला कुठं मावा म्हणतात, विदर्भात खर्रा म्हणतात. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. आता 'गुटखा खाता का?' असं विचारलंत तर तो मुलगा नाही म्हणेल, आणि त्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असेल.

या मंडळींनी केवळ मोजून सोडून दिलं नाही. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलममधल्या सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांकडं ते दरवर्षी परत गेले. समोर बसून बोलले, गावात चित्रफिती दाखवल्या, पुन्हा तोंड तपासलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. त्याच भागांतल्या आधीच्या निरीक्षणांशी ताडून पाहिलं तर सवय सोडणाऱ्यांचं आणि कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि नवे पांढरे चट्टे उमटण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. सोडणारे फार नव्हते, हेही सांगायला हवं. बहुतेकांनी तंबाखू चालूच ठेवली. तरीही फरक पडला, आणि माझ्या मते तो एका भाषणानं पडला नाही. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभा राहिला, म्हणून पडला.

केरळमध्येच तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून डॉ. शंकरनारायणन यांच्या गटानं आणखी एक मोठी चाचणी केली. तिथं तोंडं तपासली ती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, तीही फक्त उजेडात, डोळ्यांनी. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये मुखकर्करोगानं होणारे मृत्यू तपासणीमुळं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. लाखो रुपयांचं यंत्र नव्हतं. विजेरी होती आणि बघायला शिकवलेले डोळे होते. तुमच्याकडं तर पाच वर्षं शिकवलेले डोळे आहेत. उद्या तुमच्या दवाखान्यात कुणी एका दाढेत सिमेंट भरायला येईल. ती दाढ भराच. पण जीभ बाहेर काढायला सांगून तिच्या दोन्ही कडा बघितल्याशिवाय, गालाच्या आत आणि जिभेखाली बघितल्याशिवाय त्या माणसाला खुर्चीवरून उठू देऊ नका. दोन मिनिटं लागतात. 'मला वेळ नव्हता' हे वाक्य मी सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे, स्वतःही म्हटलं आहे, आणि तसं म्हणून न तपासलेल्या एका रुग्णाचा चेहरा मी विसरू शकलेले नाही.

सुपारीबद्दल बोलणं आपल्याकडं अवघड आहे. लग्न ठरतं ते सुपारी फोडून, पूजेत गणपती म्हणून आपण मांडतो ती सुपारीच. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात एक विचित्र कडकपणा नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं, आणि सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव तिथून रुळलं. सुपारी चघळण्यानं होणाऱ्या या आजारात तोंड हळूहळू मिटत जातं, तिखट सोसत नाही, एकावर एक तीन बोटं तोंडात बसत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलं. आता विशीतली मुलं असं मिटत चाललेलं तोंड घेऊन येतात. त्यांच्याशी बोलताना पूजेतली सुपारी मध्ये आणू नका. तिच्याशी आपलं काही भांडण नाही. पुडीतल्या सुपारीबद्दल बोला.

आता थोडं तुमच्याच वयाच्या मुलांबद्दल. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस इथं हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासायला पुन्हा सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. मला त्यातलं हिरड्या पूर्ववत झाल्याचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. हिरडी क्षमाशील आहे. ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतं त्याला आपण पुष्कळदा रागावतो, आणि रक्त येतं म्हणून तो ब्रश आणखी हलका फिरवतो किंवा तिथं फिरवतच नाही. त्याला सांगा की मऊ ब्रशनं नेमकं तिथंच नीट घासलं, तर आठ-पंधरा दिवसांत रक्त बहुधा थांबेल. थांबलं नाही तर परत या. वेळ ठरवून दिली की माणूस स्वतःच्या तोंडावर स्वतः प्रयोग करतो आणि तो निकाल त्याला पटतो.

किडीचंही तसंच. साखर खाऊ नका, असं ऊस तोडणाऱ्याला किंवा दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्या रिक्षावाल्याला सांगून काय होणार? गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातावरच्या थरात आम्ल तयार होतं आणि पुन्हा पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त भोवतं. 'चहा बंद करा' म्हणू नका. 'बिस्कीट चहाबरोबरच संपवा, मधेमधे नको' म्हणा. हे त्याला जमेल. जे जमेल तेच सांगायचं, एवढी शिस्त मी फार उशिरा शिकले.

आणि मिशेरी तोंडातच राहत नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. मिशेरी लावणाऱ्या त्यांच्यात पुष्कळ होत्या. गरोदर बाई दाढ दुखते म्हणून तुमच्याकडं येईल तेव्हा हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी तिला भेटलेलं नसेल, असं धरून चाला.

त्या बीडकडच्या बाईंचं सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षी मी त्यांना कर्करोगाची चित्रं दाखवली. त्या घाबरल्या, हो हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बघून कोपीमागं गेल्या. दुसऱ्या हंगामात तीच टोळी त्याच कारखान्यावर आली. त्या वर्षी मी चित्रं नेली नाहीत. नर्सबाई आणि मी संध्याकाळी त्यांच्या चुलीशी जाऊन बसलो. पोट साफ होण्याचं तेव्हा कळलं. पहाटे कोमट पाणी, मिशेरीऐवजी साधी पेस्ट, आणि सुटत नसेल तर आधी दुपारची सोडा, एवढंच बोललो. चट्ट्याचा तुकडा तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायला हवं होतं. मुकादम एक दिवसाची मजुरी कापणार होता. त्याच्याशी बोलणं हेही आमचं काम आहे, हे मला त्या संध्याकाळी उमगलं. तुकड्यात कर्करोग नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात त्या स्वतःहून खुर्चीत येऊन बसल्या आणि मी काही म्हणायच्या आत खालचा ओठ स्वतःच्या बोटांनी ओढून दाखवला. चट्टा फिका झाला होता, गेला नव्हता. मी तक्ता घेतला. त्यात अजूनही होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. "सुटली का हो?" मी विचारलं. "न्हाई सुटली," त्या म्हणाल्या, "पन दुपारची आन् रातची सोडली." मी दोन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं : लावते. एकदाच. पहाटे.