दिवाडी बेट : बांध आणि गाव



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा विषय भूगोल. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेट निवडले आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या बेटावरील गावे ज्याला समजून घ्यावयाची आहेत, त्याने आधी त्यांचे बांध पाहावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम बेटाची ठेवण पाहू. दिवाडी तिसवाडी तालुक्यात मोडते. शेजारी चोडण आणि लहानसे वांशी अशी आणखी बेटे आहेत. दिवाडीवर जांभ्या दगडाची टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी सपाट, सखल जमीन पसरलेली आहे. गोलती, नावेली, मालार आणि नार्वे ही येथील गावे. टेकडीच्या परिसराला तेथील चर्चवरून पिएदाद असे नाव पडले. घरे उंचवट्यावर आणि त्याच्या उतारावर, तर भातशेती खाली, अशी रचना सर्वत्र आढळते. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोली तालुक्यातील नार्वे या तीन बाजूंनी फेरीबोटीने बेटावर जाता येते.

ही खालची जमीन नदीने आयती दिलेली नाही. मांडवीत समुद्राची भरती आतवर शिरते. उन्हाळ्यात पाणी खारे होते, पावसाळ्यात ते पुष्कळसे गोडे होते. भरतीच्या पातळीहून खाली असलेली ही जमीन बांध घालून पाण्यातून सोडविलेली आहे. गोव्यात तिला खाजन म्हणतात. माती, जांभा दगड आणि पेंढा यांनी बांध उभारतात. बाहेरच्या बाजूस वाढणारी खारफुटी लाटांचा मार सोसते आणि बांधाला आधार देते.

बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे पाण्याच्या वाटेवरील लाकडी दारांची चौकट. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातील जादा पाणी नदीत जाते. याला ना यंत्र लागते, ना इंधन. चंद्राच्या गतीवर चालणारी ही व्यवस्था आहे. मानसीशी जाळे लावून मासे व कोळंबी पकडतात. त्या मासेमारीच्या लिलावातून गावाला उत्पन्न मिळत असे. पहिल्या पावसाने जमिनीतील खार धुऊन गेला की पेरणी होते. थोडाफार खार सोसणारे कोरगुट हे भात अशा जमिनीसाठीच राखले गेले.

आता या भूगोलातून समाज कसा घडला, ते पाहू. बांध एका कुटुंबाला सांभाळता येत नाही. एका ठिकाणी तो फुटला तर खारे पाणी सर्वांच्या शेतात पसरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होऊ शकते. म्हणूनच गावकरी ही संस्था येथे बळावली. जमीन सामाईक असे, शेते लिलावाने कसावयास दिली जात. त्या उत्पन्नातून बांध, देवालय आणि गावची सेवा यांचा खर्च भागे आणि उरलेल्यातून गावकऱ्यांना झोण मिळे. पोर्तुगीजांनी या रीती १५२६ साली अफोंसु मेशिया याच्याकरवी लेखनिविष्ट करून घेतल्या. पुढे या संस्थेला कोमुनिदाद हे नाव रूढ झाले.

बेटाचा धार्मिक इतिहास आपणांस परिचित आहे. कदंब राजे आपल्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराचा वरप्राप्त वीर म्हणून मिरवीत. त्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान बेटावरील नार्वे येथे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत मंदिराचा विध्वंस झाला आणि विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवाची पुनःस्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. देव नदीपलीकडे डिचोलीत गेला आणि तेथे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार करविला. त्या वास्तूचे अलीकडचे जतनकार्य २०२३ साली पूर्ण झाले. आज नदीच्या दोन्ही तीरांवर नार्वे नावाची गावे आहेत. दिवाडीचा महागणपतीही असाच स्थलांतरित होऊन अखेर फोंडा तालुक्यातील खांडोळ्यास स्थिरावला. पिएदादच्या दफनभूमीतील लहान प्रार्थनामंदिरात जुन्या देवळाचे कोरीव दगडी छत अजून पाहावयास मिळते.

परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. देव नेता आले, बांध नेता आला नाही. धर्म बदलला, राज्यकर्ते बदलले, तरी भरती ठरल्या वेळी येतच राहिली आणि मानसीची दारे कोणीतरी दुरुस्त करीतच राहिले. गावाचे सातत्य शोधावयाचे तर ते येथे सापडते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणारा बोंदेरां हा निशाणांचा उत्सवही जमिनीच्या हद्दींवरून चाललेल्या जुन्या भांडणांची आठवण म्हणूनच सांगितला जातो. वाडे आपापली निशाणे घेऊन निघतात आणि मुले बांबूच्या फोतासातून तेफळे उडवितात. हद्दीचे भांडण असे खेळात विरून जावे, यातही शहाणपण आहे. एकाच बांधाआड राहणाऱ्यांना कायमचे वैर परवडणारे नसते.

आज काय स्थिती आहे? १९६४ च्या कूळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला आणि तो मिळावयासच हवा होता. मात्र बांधांचा भार कोमुनिदादींकडून कूळ संघांकडे आला. पुढच्या पिढ्या नोकरीसाठी पणजीस, मुंबईस, परदेशी गेल्या. गोव्याच्या अनेक खाजनांत शेती पडीक राहिली. जेथे भातापेक्षा मासळीचे उत्पन्न अधिक, तेथे खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचे प्रकारही घडले. मांडवीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी किनारे झिजविले, ते निराळेच. त्यात आता समुद्राची पातळी वाढते आहे.

दिवाडीवर पूल हवा की नको, हा वाद जुना आहे. रुग्णाला रात्री दवाखान्यात न्यावे लागणाऱ्या माणसाला तो हवासा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु बेटाचे भवितव्य केवळ पुलावर ठरणार नाही. बांधाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल. पूल बांधणारे बाहेरून येऊ शकतात. पण बांधाला पडलेले खेकड्याचे भोक वेळीच पाहणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

म्हणून या शाळेला एक विनंती करतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी जवळच्या एका खाजनाचा नकाशा काढावा. बांध कोठून कोठे जातो, मानशी किती, त्यांतल्या चालू किती, शेतांची नावे काय, हे वृद्ध शेतकऱ्यांना विचारून नोंदवावे. माजी विद्यार्थ्यांनी त्या कामाचा खर्च उचलावा. ही शेतनावे बहुतेक कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती जाणणारी पिढी थकली आहे आणि हे काम पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही.