माफी, मुक्ती आणि बोजा

अकोटात निवडणुकीवर बोलायचं म्हटलं की मतविभागणीचं गणित मांडावं अशी अपेक्षा असते. ते गणित माझ्यापेक्षा इथल्या पानठेल्यांवर जास्त चांगलं होतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मला बोलायचं आहे ते पोलचिटांचा गठ्ठा घेऊन दारोदार हिंडणाऱ्या कार्यकर्त्याच्या भाषाशिक्षणाबद्दल. पक्ष त्याला पत्रक देतो, पत्रकातले शब्द तो घरोघरी पोचवतो, आणि शब्द उमेदवाराच्या आधीच घरात शिरून बसतो हे त्याला तिथे उमगतं. मतदार काय उत्तर देईल हे कोणी ठरवू शकत नाही. पण त्याला प्रश्न कोणता पडावा, हे मात्र शब्द ठरवून जातो.

वऱ्हाडात याचं सर्वांत मोठं उदाहरण 'कर्जमाफी' आहे. माफी गुन्ह्याला असते. हा शब्द उच्चारला की शेतकरी चुकला आणि सरकार उदार झालं, एवढं न सांगता मान्य होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने म्हणूनच 'कर्जमुक्ती' हा शब्द धरला. त्यामागे हिशेब होता: सरकारी धोरणांनी शेतमालाचे भाव पाडले, शेतकऱ्याला उणे सबसिडी मिळाली, म्हणजे अनुदान मिळण्याऐवजी त्याच्याच खिशातून पैसा गेला, तेव्हा येणं त्याचंच निघतं; मग माफ कोणी कोणाला करायचं? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी २००४ साली 'टॅक्स रिलीफ' या शब्दाची अशीच चिरफाड केली. दिलासा म्हटलं की कर ही पीडा ठरते आणि तो कमी करणारा तारणहार. आपल्याकडे हा वाद त्याच्या कितीतरी आधी कापसाच्या भावावरून चालू होता, फक्त त्याला भाषाशास्त्र म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

यावर पहिला आक्षेप रोकडा आहे. नाव काहीही द्या, सोसायटीच्या वहीतला आकडा शब्दाने कमी होत नाही. बरोबर. पण कोणाचा आकडा कमी करायचा, हे त्या शब्दामागच्या समजुतीवर ठरतं. २०१७ची योजना आली ती 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' या नावाने, मर्यादा दीड लाखाची. २०१९ची 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना', मर्यादा दोन लाखांची. म्हणजे संघटनेचा शब्द अखेर सरकारी कागदावर चढला. आता नियमित कर्ज फेडणाऱ्याकडे बघा. भाव पाडल्यामुळे कर्ज झालं असेल, तर ज्याने बायकोचे दागिने मोडून हप्ता भरला त्याच्यावरही तोच अन्याय झालेला आहे. त्याला भरपाई मिळायला हवी. त्याला मिळालं ते 'प्रोत्साहनपर अनुदान', ५० हजारांपर्यंत. प्रोत्साहन चांगल्या वागणुकीला देतात. पाटीवर मुक्ती लिहिली आणि आतली खातेवही माफीचीच राहिली. आमच्या पक्षाने कर्जमुक्ती दिली, असं दारात सांगणाऱ्या कार्यकर्त्याला नियमित फेडणारा शेतकरी जो टोमणा मारतो, त्याचं मूळ या विसंगतीत आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शब्दांची ताकद कार्यकर्त्याला शिकवणं म्हणजे लोकांना फसवायला शिकवणं नव्हे काय? धोका आहेच. पण या आक्षेपात मतदार मातीचा गोळा असतो असं धरलेलं आहे, आणि त्याविरुद्धचा पुरावा याच तालुक्यात आहे. तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कापूस बियाण्याला 'चोर बीटी' म्हणतात. १० जून २०१९ रोजी अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरलं. त्या वेळी पर्यावरण संरक्षण कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड होता. आंदोलकांनी त्याला सविनय कायदेभंग म्हटलं, तंत्रज्ञान स्वातंत्र्याचा झेंडा लावला. त्या बियाण्याच्या गुणदोषांवर वाद आहे, तो आज सोडून देऊ. भाषेच्या दृष्टीने गंमत अशी की सत्याग्रह झाल्यावरही बियाण्याचं नाव 'चोर' ते 'चोर'च राहिलं. शेतकरी ते नाव बिनदिक्कत घेतो आणि बियाणं पेरतोही, कारण निंदणाची मजुरी त्याला ठाऊक आहे. शिवीने तो बिचकला नाही, गौरवाने हुरळलाही नाही. अनुभवाचा हिशेब जिथे पक्का असतो, तिथे शब्दाची सत्ता संपते. शब्द खरं राज्य करतो ते जिथे हिशेब कोणी मांडून दाखवलेला नसतो तिथे. २०२४च्या 'लाडकी बहीण' योजनेकडे याच नजरेने बघावं. रोजगाराला याच राज्याने 'हमी' म्हटलं होतं, आणि हमी मोडली तर जाब विचारता येतो. दरमहा दीड हजार भावाच्या नात्याने आले, की हप्ता चुकल्यावर बहिणीने रुसायचं की दावा करायचा?

म्हणून कार्यकर्त्याने नवे शब्द घडवण्यापेक्षा दारात कोणते शब्द आधीपासून नांदतात ते ऐकावं, असं मला वाटतं. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जन्मगावाहून, पापळहून, जुलै २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडूंची यात्रा निघाली ती 'सातबारा कोरा' या नावाने. या शब्दात गुन्हेगार नाही, तारणहारही नाही. एक कागद आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेच्या कर्जाची नोंद होते, तिला तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे 'बोजा' म्हणतात. बोजा चढतो आणि उतरतो. तो कोणामुळे चढला हे त्या शब्दात नाही, पण खांदा कोणाचा ते आहे. पत्रकावर माफी असो की मुक्ती, शेतकरी विचारतो ते एवढंच, की बोजा केव्हा उतरेल आणि उतरल्याची नोंद कोण करेल.