वस्त्राचा धागा आणि आपला विवेक

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



काठीच्या होळीआधी कापड दुकानांत होणारी गर्दी आपण जाणताच. माझे आयुष्य कापडाच्या व्यापारात गेले. एकदा एका मुलीने विचारले, "काका, पूजेचे रेशीम मिळते कसे?" वाणिज्य पदवीधर असलेला मी भाव सांगू शकलो, उत्तर नाही.

मग माहिती घेतली. तुतीचा पाला खाऊन रेशीमकिडा सुमारे महिनाभरात कोष विणतो. पतंग कोष भेदून बाहेर आला, तर अखंड धागा तुटतो. म्हणून आतील जीव उष्णतेने मारतात व कोष गरम पाण्यात घालून धागा उलगडतात. एका कोषातून सुमारे १००० मीटर धागा निघतो, आणि १ किलो कच्च्या रेशमास ६ ते ८ किलो कोष लागतात. येवल्याच्या पैठणीचे तेजही या धाग्याचेच.

लोकरीचे तसे नाही. धनगर बांधव मेंढीची लोकर कातरतात, पिंजून सूत काततात, घोंगडी विणून तिला चिंचोक्याची खळ देतात. मेंढी जिवंत राहते. मात्र कत्तल झालेल्या मेंढीच्या कातड्यावरूनही लोकर काढली जाते, हे विसरू नये.

पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोषांचे सूत कातून 'अहिंसा रेशीम' तयार होते. ते महाग असते, चमकही कमी. आता ग्राहकाने न विचारताही मी हे सारे सांगतो, आणि पूजेला स्वतः सुती वस्त्र नेसतो. नफा थोडा घटला, पण मन हलके झाले.

कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्!