आले ते सारेच पुढे धाडू नये
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पूर्वी कोणी कंडी पिकविली तरी तिला गावची वेस ओलांडावयास चार दिवस लागत. आता व्हॉट्सॲपवरून ती क्षणात शेकडो घरी पोचते, आणि पोचविणारे बहुधा सज्जनच असतात. काळजीपोटी ते ती पुढे धाडतात. या काळजीची किंमत कोणी मोजली, ते पाहा.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याच्या बाजारी सोलापूरकडील पाच भिक्षेकरी आले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने पाचांचाही प्राण घेतला. बारा दिवसांनी बिदर जिल्ह्यात मुरकी येथे आपल्या या हैदराबादेतील एक तरुण अभियंता याच संशयावरून मारला गेला. सोबत्याने मुलांना चॉकलेटे दिली, एवढेच निमित्त!

त्याच सुमारास एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. अखेरीस ते दोघे मूल परत आणतात व सूचनेचा फलक दाखवितात. नेमका तेवढाच भाग कोणी कापून टाकला. ‘ध’चा ‘मा’ करावयास पूर्वी लेखणी लागे. आता कात्री पुरते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. मजकुरावर दोन बाण दिसले, तर तो पुष्कळ हातांतून आलेला आहे, असे समजावे. स्थळ, दिवस आणि सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर विश्वास ठेवू नये. छायाचित्र गूगल लेन्सवर शोधावे. जुने किंवा परमुलुखातले असल्यास बहुधा उघडकीस येते. ‘ताबडतोब सर्वांना कळवा’ असे लिहिले असेल, तर आधी थांबावे. खरोखरच भय वाटले, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. शंभर जणांना नव्हे.

तरुणांनी वडीलधाऱ्यांना हसू नये. शेजारी बसून शोध कसा घ्यावा ते दाखवावे. वडीलधाऱ्यांनीही विचारण्यात कमीपणा मानू नये.

आपले वाडवडील या शहरी आले, तेव्हा तेही परकेच होते. या शहराने त्यांना थारा दिला, म्हणून आज हा महोत्सव होत आहे. तेव्हा परक्या माणसावर संशय घेणारा मजकूर पडताळ्यावाचून आपल्या हातून पुढे जाणार नाही, एवढा निश्चय आज करू या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.