कलम गेले, हक्कही गेले

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. निवृत्तीनंतर एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. वसतिगृहात आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार त्याने तीस वर्षांनी प्रथमच बोलून दाखविला. “सर, तेव्हा सांगितले असते तर लोक हसले असते,” एवढेच तो म्हणाला. आज तो तक्रार करू इच्छील, तर कायदा त्याला काय देतो?

१८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम अन्यायकारक होते. परस्परसंमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांनाही ते गुन्हेगार ठरवी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्यातून मुक्त केले, हे उचितच झाले. मात्र संमतीवाचून केलेले कृत्य जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही. संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते ते ठेवावे, ही संसदीय स्थायी समितीची २०२३ मधील शिफारस सरकारने मानली नाही. बलात्काराच्या ६३ व्या कलमात पीडित म्हणजे केवळ स्त्री. मुलग्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा संरक्षण देतो; अठरा वर्षे पूर्ण होताच तेही संपते. मग उरतात ती दुखापत आणि डांबून ठेवणे यांसारखी कलमे.

प्रश्न केवळ शिक्षेचा नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितास रुग्णालयात तात्काळ व विनामूल्य उपचार आणि नावाची गुप्तता हे हक्क कायद्याने ठराविक कलमांना जोडले आहेत. कलम नाही, म्हणून हे हक्कही नाहीत.

याची झळ कोणाला लागते? कच्च्या कैद्याला, मुकादमाच्या खोपटात निजणाऱ्या परप्रांतीय मजुराला. ज्याची रोजी दुसऱ्याच्या मुठीत, त्याचा नकारही दुबळा असतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्या बालकांत ५२.९४ टक्के मुलगे होते. ती बालके आज प्रौढ आहेत.

स्त्री-चळवळीतील भगिनींची शंका मी जाणतो: कायदा लिंगनिरपेक्ष केल्यास तो स्त्रियांवरच उलटेल. ही भीती निराधार नाही. परंतु २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीने मार्ग दाखविला होता: पीडित कोणतीही व्यक्ती असू शकेल, आरोपी मात्र पुरुषच. तीच आपली मागणी असावी.

तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती गृहीत धरली. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार दिसला नाही म्हणजे संमती होती असे नव्हे, हा धडा त्यांनीच देशाला दिला. “तू तर पुरुष, प्रतिकार का केला नाहीस?” असे विचारणाऱ्यांना आपले उत्तर तेच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेचा असल्याचे सांगितले. संसदेला जाग आणणे हे काम चळवळीचे आहे. तोवर निदान एवढे करू या: असा कोणी आपल्यापाशी बोलू लागला, तर हसू नये.