सामायिक आड आणि नावाचे वचन



संगणकाच्या व्यवहारात 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारी तीच ती कामे एकदाच लिहून ठेवलेला संच, त्यास आम्ही लायब्ररी म्हणतो. लिनक्सवर असा संच सहसा एकाच ठिकाणी ठेवतात आणि सारे प्रोग्रॅम त्यावर आपले काम भागवतात. वाड्यातल्या सामायिक आडासारखीच ही व्यवस्था.

तिचा लाभ एप्रिल २०१४ मध्ये दिसून आला. इंटरनेटवरील संभाषण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. सर्व्हरच्या मेमरीतील गुपिते परक्याच्या हाती लागू शकत होती. डेबियन या लिनक्स वितरणाने लायब्ररीचे पॅकेज दुरुस्त करून दिले. ते बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या, की त्यावर विसंबलेले सारे प्रोग्रॅम एकदम सुधारले. ज्यांनी तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच ठेवली होती, त्यांना मात्र एकेक नक्कल हुडकून बदलणे भाग होते.

कोणी म्हणेल, आड एकच, तर त्यातला बदलही सर्वांना एकदम बाधणार! आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर नावात आहे. अशा लायब्ररीत आकडा जोडलेले एक नाव नोंदलेले असते. त्यास 'सोनेम' म्हणतात. प्रोग्रॅम तयार होताना ते नाव टिपून ठेवतो आणि सुरू होताना तेच मागतो. आतली दुरुस्ती झाली, पण जुन्या प्रोग्रॅमशी असलेला करार अबाधित राहिला, तर नाव तेच. एखादे फंक्शन काढून टाकले वा त्याची रीत बदलली, म्हणजे करार मोडला. मग आकडा बदललाच पाहिजे, आणि त्याबरोबर पॅकेजचे नावही. म्हणूनच २०१७ च्या डेबियन ९ मध्ये लिबएसएसएल १.०.२ आणि लिबएसएसएल १.१ ही दोन पॅकेजे शेजारी शेजारी नांदली. ज्यांना नवे मानवले नव्हते, त्यांचे जुन्यावर निभावले.

करार मोडूनही नाव तेच ठेवले, तर 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होते. प्रोग्रॅम ओळखीच्या नावाने हाक मारतो आणि ऐन कामात कोसळतो. तोही आम्हा पॅकेज बांधणाऱ्यांच्या टेबलावर नव्हे, तर दूरच्या एखाद्या कचेरीत, जिथल्या कारकुनाने आमचे नावही ऐकलेले नसते. त्याचा खोळंबा होतो आणि कारण त्याला कधीच कळत नाही.

सामायिक वस्तू ज्याच्या हवाली असते, त्याने तीत सुधारणा जरूर करावी. पण बदल झाकून ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.